डेन्मार्कची सवत

माझ्या नवऱ्याचं एका माणसावर प्रेम बसलंय. तो माणूस डेन्मार्कचा, लाकडी खुर्च्या करायचा, आणि मेला त्याला पुष्कळ वर्षं झाली. मी त्याला सवत म्हणते. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा नवरा हसला होता. आता हसत नाही, पण मी काही म्हणायचं सोडलेलं नाही.

जिवंत सवत परवडली असती. तिच्याशी भांडता येतं, तिच्या खोड्या काढता येतात, निदान ती म्हातारी तरी होते. हा मेला कायम चाळिशीचा. आमच्या स्वयंपाकघरात कॅलेंडरशेजारी त्याचा फोटो आहे: दुमडलेल्या बाह्यांचा पांढरा शर्ट, कानावर पेन्सिल, आणि चेहऱ्यावर असं काही समाधान की बघूनच माझ्या पोटात दुखायला लागतं. रोज सकाळी मी चहा गाळते तेव्हा तो माझ्याकडे बघत असतो.

हे सगळं सुरू झालं श्पेरम्युलमुळे. इथे जर्मनीत मोडकं-तोडकं सामान टाकायचं असलं की लोक ते आदल्या संध्याकाळी फुटपाथवर मांडून ठेवतात, सकाळी गाडी येऊन उचलून नेते. मधल्या वेळात ज्याला जे हवं ते त्याने न्यावं. नवीन आलेली आपली माणसं आधी लाजतात. मग वर्षभरात निम्मं घर त्यावरच सजतं, आणि कुणी विचारलं तर प्रत्येक जण सांगतो की हे बुकशेल्फ एका जर्मन मित्राने दिलं. आमच्या नेकारसुल्ममध्ये असे दानशूर जर्मन मित्र फार आहेत.

नवरा तेव्हा नुकताच घरी बसला होता. इथल्या गाड्यांच्या कारखान्यात प्लॅनिंगमध्ये त्याची कितीतरी वर्षं गेली. कारखान्याने माणसं कमी करायला घेतली, आपणहून जाणाऱ्यांना भरपाई देऊ म्हणाले, आणि याने हात वर केला. मीच म्हटलं होतं, घे, दमलायस, थोडा आराम कर, मग बघू दुसरीकडे. आराम त्याला महिनाभर पुरला. मग एका संध्याकाळी फिरायला म्हणून गेला आणि खांद्यावर एक खुर्ची घेऊन आला. एक हात खिळखिळा, बैठकीची विणलेली दोरी तुटून लोंबतेय, लाकूड मळाने काळं. मी म्हटलं, हे धूड खाली तळघरात, केलरमध्ये ठेव, घरात ढेकूण येतील. त्याने ती उलटी केली, खाली फडकं मारलं, आणि तिथे लाकडात डागून उमटवलेला एक शिक्का निघाला. त्या शिक्क्यात सवतीचं नाव होतं.

त्या दिवसापासून आमच्या जेवणाच्या टेबलावर तिसरं पान वाढलं जायला लागलं. मुलगी शिकायला कायझर्सलाउटर्नला गेलेली, घरात आम्ही दोघंच, आणि पहिला घास घेतला की नवरा सुरू: तुला माहितीये का, त्याचे वडील चांभार होते? मला माहीत नव्हतं. आता मला सगळं माहीत आहे. माझ्या बापाचा जन्म कुठल्या गावात झाला हे मला विचार करून सांगावं लागेल, पण त्या डॅनिशाची कुंडली तोंडपाठ आहे.

तर वडील चांभार, गाव लहान, समुद्राजवळचं. पोरगा शाळा सोडून एका सुताराकडे उमेदवारीला लागला. मग कोपनहेगनला जाऊन चित्रं काढायला शिकला, पण हातातला रंधा सोडला नाही. तिथल्या सुतारमंडळींचं दर वर्षी प्रदर्शन भरायचं. त्यात त्याने पहिली खुर्ची मांडली आणि वर्तमानपत्रांनी तिची रेवडी उडवली. पुढच्या वर्षी त्याने तीच खुर्ची परत मांडली, फक्त हात थोडे आखूड करून. हा प्रसंग सांगताना नवऱ्याचा आवाज जड होतो. मग पन्नासच्या दशकात अमेरिकन लोक आले, मासिकांत फोटो आले, मागण्या इतक्या वाढल्या की कारखानेवाला म्हणाला, हाताचा तो वळणदार जोड जरा सोपा करा, यंत्रावर भराभर निघेल. तर हा नाही म्हणाला. मग जग फोम आणि प्लॅस्टिकच्या मागे लागलं, मागण्या आटल्या, आणि साहेब कुठल्याशा शाळेत संध्याकाळचे वर्ग घ्यायला लागले. शेवटी त्याने एकच खुर्ची केली, स्वतःच्या म्हातारपणासाठी, दुखऱ्या गुडघ्यांनी उठता-बसता यावं अशी. थोड्याच निघाल्या त्या. मेल्यावर मग लोकांना कळलं की अरे, हा केवढा मोठा माणूस होता.

'आणि बघ ना,' नवरा म्हणायचा, 'आयुष्यभर फक्त खुर्च्या.'

मी भात कालवत म्हणायचे, 'मी पण खुर्च्याच करते.'

'हो गं, पण हे वेगळं.'

वेगळं! तळपायाची आग मस्तकाला जायची माझ्या.

मी गाडीच्या सीटा करते. नदीपलीकडे एका कंपनीत, जिथे कापड आणि फोम काढून टाकल्यावर जो लोखंडी सांगाडा उरतो त्याचं काम चालतं. त्यातही माझं काम बैठकीखालच्या पत्र्याचं. गाडी समोर आदळली की बसलेला माणूस पुढे घसरतो. तो पट्ट्याखालून सटकला तर पट्टा पोटात घुसतो, आणि मग आतड्यांचं काय होतं ते जेवताना सांगण्यासारखं नाही. तसं होऊ नये म्हणून बैठकीखाली पुढच्या बाजूला पत्र्याला एक चढ द्यायचा असतो. माणूस त्या चढाला अडतो आणि पट्टा कमरेच्या हाडावर राहतो. तो चढ कुठून सुरू व्हावा, पत्रा कुठे दबावा आणि कुठे काही झालं तरी दबू नये, यात माझी तारुण्याची वर्षं गेली. आमच्याकडे माझ्या आधीच्या माणसाने तो वेगळा तुकडा म्हणून जोडला होता, चाचणीत सीटवर बसवलेला माणसाएवढा बाहुला दर वेळी पट्ट्याखाली घसरायचा. मी पत्रा मधोमध दुमडून पाहिला, सगळे हसले, आणि बाहुला अडला.

या चढाचं दुर्दैव असं की तो कुणाला कधी दिसत नाही. त्याच्यावर फोम, फोमवर कापड, कापडावर माणसाचं बूड. खाली माझ्या नावाचा शिक्काही नाही. एक आकडा आहे, तो गोदामवाल्यांसाठी. लाखो लोक रोज माझ्या कामावर बसून ऑफिसला जातात आणि एकालाही माझं नाव माहीत असायचं कारण नाही. याचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं हो, खरंच सांगते. नोकरी आहे, करतो. तो शिक्का घरात येईपर्यंत वाटलं नव्हतं.

ती चाचणी पास झाली त्या दिवशी मी घरी येताना केक आणला होता. नवरा म्हणाला, 'अरे वा,' आणि दोन तुकडे खाल्ले, आणि उद्या त्यांच्याकडे ऑडिट आहे म्हणून सगळे कसे पेटलेत ते सांगत बसला. आम्ही आमची गाडी घेतली तेव्हा मी मुद्दाम म्हटलं, यात माझी सीट आहे. तो म्हणाला, गरम होणारी घेऊ या, तुझी कंबर दुखते. वाईट माणूस नाही तो. कंबर लक्षात असते त्याच्या. पण आता तोच माणूस केलरमध्ये बसून त्या खुर्चीच्या हातावरून अंगठा फिरवायचा, पुढे-मागे, पुढे-मागे, डोळे अर्धे मिटून, आणि म्हणायचा, 'किती विचार केलाय गं यात.' मी धुतलेले कपडे घेऊन दारात उभी असायचे. मला काय हवं होतं ते सांगून टाकते, उगाच कोड्यात कशाला बोलू. मला हवं होतं की त्याने माझ्या कामाकडे एकदा तसं बघावं. एकदाच. मग त्या डॅनिशाला त्याने खुशाल देव्हाऱ्यात बसवलं असतं.

पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते काही खोटं नाही.

खुर्ची दुरुस्त व्हायला हिवाळा गेला. नवरा कुठल्याशा म्हाताऱ्याकडून कागदी दोरी विणायला शिकला, हात नीट बसवला, लाकूड साबणाच्या पाण्याने धुऊन धुऊन उजळवलं. मग ती वर दिवाणखान्यात आली, खिडकीजवळ, उजेडाच्या जागी. माझी तुळस तिथून हलली. एका शनिवारी तो लाकूड आणायला गेला असताना मी ऑफिसातली मापं काढायची हत्यारं आणली आणि त्या खुर्चीची झडती घेतली. वर्षानुवर्षं सीटा मोजलेल्या बाईला चुका दिसायला किती वेळ लागतो? पाठीचा कोन आमच्याकडे कुणी पासच केला नसता. कंबरेला आधार नावालाच. बैठकीची पुढची कड मांडीला लागणार. मी सगळं वहीत न लिहिताच डोक्यात ठेवलं, संध्याकाळी सुनवायला. आणि मग, आता खात्रीच करू, म्हणून बसले.

बसले आणि उठावंसं वाटेना. कड कुठे लागली नाही. हात आपोआप जिथे जायचे तिथे गेले. बाहेर शेजाऱ्यांची मुलं सायकली खेळत होती ती बघत मी कितीतरी वेळ बसून राहिले. त्या माणसाला मला मनसोक्त शिव्या घालायच्या होत्या, आणि माझी पाठच फितूर झाली होती. नवरा आला तेव्हा मी ओट्याशी उभी राहून कांदा चिरत होते, आणि मी त्याला एक अक्षर बोलले नाही.

उन्हाळ्यात सासूबाई आल्या, नांदेडहून, तीन महिन्यांच्या व्हिसावर. आल्या त्याच संध्याकाळी त्यांनी सोफा बघितला, पलंग बघितला, आणि सरळ त्या खुर्चीत जाऊन दोन्ही पाय वर घेऊन मांडी घालून बसल्या. बैठक चाचपून म्हणाल्या, 'ही तर बाज विणलीय की.'

नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी. 'बघितलंस?' तो मला म्हणाला. 'हात मुद्दाम आखूड ठेवलेत त्याने. माणसाला हवं तसं बसता यावं म्हणून. म्हणूनच आईला मांडी घालता येते.'

'नांदेडच्या बायका होत्या होय त्याच्या डोळ्यांपुढे?' मी म्हटलं.

'तुझं काहीतरीच असतं,' नवरा म्हणाला, आणि आईचे फोटो काढायला लागला.

सासूबाईंची ही मांडी पुढे माझ्या जिवाला घोर होऊन बसली. कारण त्या गाडीतही तशाच बसायच्या. पुढच्या सीटवर बसल्या, पट्टा लावला, की दहा मिनिटांत चपला खाली आणि पाय वर. आपल्याकडे गाडीत असं बसणाऱ्या शेकडो बायका मी बघितल्यात, आणि बघितलं की माझ्या अंगावर काटा येतो. मांडी घातलेला माणूस त्या चढाच्या वरच बसतो. आदळलं की त्याला अडवायला काही उरत नाही, वरून समोरची एअरबॅग गुडघ्यांवर येते ती वेगळीच. मी हे सगळं त्यांना समजावून सांगितलं. रोज सांगितलं.

'आई, पाय खाली.'

'पाय सुजायलेत गं बाई.'

'सुजू देत. घरी गेल्यावर तेल लावून देते.'

'घरच्या खुर्चीत चालतं, मग गाडीच्या खुर्चीत का चालंना?' त्यांनी विचारलं, आणि मग माझी समजूत काढावी तसं म्हणाल्या, 'ती खुर्ची चांगली हाय बाई.'

सासू पण फितूर. कुणाला सांगावं?

मग नवऱ्याला ती शेवटची खुर्ची सापडली, म्हाताऱ्या सवतीने म्हातारपणासाठी केलेली. पार वर फ्लेन्सबुर्गला, डेन्मार्कच्या सरहद्दीवर, एक निवृत्त शिक्षक ती विकत होते. आमच्याकडून तिथे जायचं म्हणजे जर्मनी खालून वर पालथी घालायची. सासूबाईंना एकटं कसं ठेवणार, म्हणून तिघं निघालो, जाताना एक मुक्काम केला. मी का गेले? नवरा म्हणाला, 'चल ना, तुला आवडेल.' आणि मला वाटलं, बघू तरी या घरात आता आणखी कोण येतंय.

शिक्षकांनी कॉफी दिली, केक दिला. नवरा त्यांच्याशी जर्मनमध्ये दोन तास बोलत होता: चांभार वडील, रेवडी उडवणारी वर्तमानपत्रं, न सोपा केलेला जोड. आमच्या घरी तो दोन तास कधी बोललेला मला आठवत नाही. मध्येच शिक्षक सभ्यपणे माझ्याकडे वळले आणि म्हणाले, आणि आपण काय करता? मी तोंड उघडायच्या आत नवरा म्हणाला, माझी बायको गाड्यांच्या इंडस्ट्रीत आहे. ऐकलंत? गाड्यांच्या इंडस्ट्रीत. दोन खुर्च्यांच्या मधोमध बसून, खुर्च्यांवरच चाललेल्या गप्पांत, माझी ही ओळख. शिक्षक म्हणाले, 'आख झो,' म्हणजे 'अस्सं होय,' आणि परत त्याच्याकडे वळले.

परत निघताना खुर्ची मागच्या सीटवर ठेवली. नवऱ्याने तिच्या पायांना टॉवेल गुंडाळले आणि तिला पट्टा लावला. उरलेल्या जागेत मी. पुढे मायलेक, मागे सवती-सवती. हसू यायला हवं होतं, नाही आलं.

हानोफर मागे पडलं आणि सासूबाईंचे पाय वर गेले. मी म्हटलं, 'आई.' त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं. मी परत म्हटलं. तेव्हा नवरा आरशातून माझ्याकडे न बघता म्हणाला, 'बसू दे ना तिला मांडी घालून. लांबचा प्रवास आहे. सीटचं काय घेऊन बसलीस एवढं?'

'गाडी थांबव,' मी म्हटलं.

'आता काय झालं?'

'पुढच्या पार्किंगला थांबव. नाहीतर मी उतरून चालत जाईन, पण या गाडीत हे असं बघत बसणार नाही.'

माझा आवाज चढला असणार, कारण त्याने मुकाट्याने थांबवली. मी उतरले, पुढचं दार उघडलं, खाली बसले आणि सासूबाईंचे पाय एकेक करून खाली घेतले, त्यात चपला चढवल्या, पट्टा पोटावरून काढून खाली कमरेच्या हाडावर ओढला. आमच्या शेजारच्या गाडीतले लोक सँडविच खात हा तमाशा बघत होते. सासूबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, 'लेकाच्या गाडीत सुनेचं राज्य.' मी म्हटलं, 'हो. आणि पाय वर गेले तर परत थांबवीन.' नवरा स्टिअरिंगवर बोटं वाजवत होता. त्यानंतर कासलच्या डोंगरापर्यंत सासूबाईंचे पाय खालीच राहिले.

तिथे उतारावर तो म्हणाला, 'ती करकरतेय का गं? बघ ना जरा.' ती म्हणजे खुर्ची. तो आरशात तिच्याकडेच बघत होता. मी तिच्याकडे वळले. आणि पुढे श्टाउ, ट्रॅफिक जॅम, लागलेला होता, गाड्या थांबल्या होत्या. त्याने ब्रेक मारला, उशिरा मारला.

आवाज आठवतो, मग एअरबॅगांची पांढरी धूळ आणि जळल्याचा वास. सासूबाई 'अगं आई गं' म्हणत होत्या, म्हणजे जिवंत होत्या. नवऱ्याने त्यांना विचारलं, लागलं का? मला विचारलं, तू ठीक आहेस ना? विचारलं त्याने, खोटं कशाला बोलू. पण मी 'हो' म्हणेपर्यंत तो दार ढकलून बाहेर गेला होता, आणि मला वाटलं माझ्या बाजूला येतोय, तर तो पलीकडच्या बाजूला गेला. खुर्चीच्या.

तिचा एक हात जोडापाशी उकलला होता. त्याने तो तुकडा उचलला आणि रस्त्याकडेच्या कठड्यामागे अपघातात घालायचं पिवळं जाकीट घालून उभा राहिला, तुकडा छातीशी धरून. रडत होता. मी सासूबाईंना धरून उभी होते, माझ्या नाकातून रक्त येत होतं आणि मी ते ओढणीने पुसत होते. इतके दिवस मत्सर मत्सर म्हणून जे काही मी करत होते ना, तो सगळा पोरखेळ होता. खरा मत्सर मला त्या कठड्यामागे कळला. मला वाटलं ते लाकूड त्याच्या हातातून हिसकून खाली दरीत फेकून द्यावं.

'नशीब बलवत्तर, म्हणून वाचलो,' सासूबाई म्हणाल्या.

'नशीब नाही आई,' मी म्हटलं. ट्रकच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नाही.

हॉस्पिटलमधल्या डॉक्टरीणबाईंनी सासूबाईंच्या कमरेवरचे वळ दाखवून मला सांगितलं की पट्टा बरोबर हाडावर बसलाय, पोटाला काही झालेलं नाही, या वयात फार बरं झालं. मी नवऱ्याला हाक मारणार होते. तो कॉरिडॉरमध्ये गाडी ओढून नेणाऱ्यांशी फोनवर बोलत होता, मागे एक खुर्ची आहे, ती सांभाळून काढा. मुलीचा फोन आला. ती आमच्याशी जर्मनमध्येच बोलते. आजी कशी, बाबा कसा, तू कशी, सगळं विचारून झाल्यावर ती म्हणाली, आणि खुर्ची?

सासूबाई परत नांदेडला गेल्या, ठणठणीत. गाडी पार निकामी ठरली. ती जिथे नेऊन ठेवली होती तिथून कळवलं की भंगारात जायच्या आधी आपलं सामान काढून न्या. एका सकाळी आम्ही दोघं गेलो. नवरा डिकीतलं सामान पिशवीत भरत होता: छत्री, टॉवेल, पंपाची नळी. मी पुढचं दार उघडून उभी राहिले. सासूबाईंची सीट. माझ्या हातांना राहवेना. बैठक कुठल्या क्लिपांवर बसते, कुठे ओढली की सुटते, हे मला झोपेतही सांगता येईल. फोम वर आला आणि खालचा पत्रा उघडा पडला.

जिथे दबायला हवा तिथे तो दबला होता. त्याच्या पुढे केसभरही नाही. चाचणीच्या हॉलमध्ये बाहुल्यांखाली मी हे कितीदा बघितलंय, पण खऱ्या गाडीत, खऱ्या माणसाखाली, कधीच नाही.

'इकडे ये,' मी हाक मारली.

'काय?'

'ये तर. इथे खाली हात घाल.'

तो गुडघ्यांवर बसला आणि त्याने आत हात घातला. मी त्याला सांगितलं: आई पुढे घसरली ती इथे अडली. पत्रा इथे दबला, त्याने धक्का खाल्ला. इथे दबला नाही, म्हणून ती पट्ट्याखालून गेली नाही. पाय वर असते तर ती इथे नसतीच, वरच्या वर गेली असती. त्याचा अंगठा त्या दुमडीवरून फिरायला लागला, सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत. डोळे भरून आले त्याचे. इतके दिवस जे मागत होते ते माझ्या पायाशी चाललं होतं.

'बाप रे,' तो म्हणाला. 'किती विचार केलाय गं यात. आणि दिसत पण नाही कुणाला.' मग मान न उचलता त्याने विचारलं, 'कुणी केलंय हे?'

'मी.'

तो हसला, मी नेहमीसारखी टोमणा मारते आहे असं समजून. मग त्याने वर माझ्याकडे बघितलं, आणि ते हसू तसंच त्याच्या तोंडावर राहून गेलं.